भावबंधातील आघात आणि त्यातून सावरणे

ज्या माणसाच्या आधारावर मूल जगते, त्याच्याचकडून भीती, दुर्लक्ष किंवा वारंवार ताटातूट वाट्याला आली तर मनाला जी खोल इजा होते, तिला भावबंधातील आघात म्हणतात. ‘ॲटॅचमेंट ट्रॉमा’ हा शब्दही आता सर्रास ऐकू येतो. अपघात किंवा पूर यांसारख्या एका घटनेचा हा आघात नव्हे. बहुधा तो रोजच्या वागण्यातून थराथराने साचतो. निदानाच्या अधिकृत याद्यांत या नावाचा आजार नाही. त्यामुळे हल्ली प्रत्येक दुरावलेल्या नात्याला हे नाव चिकटवले जाते, ते योग्य नाही.

संकल्पनेचे मूळ ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या कामात आहे. आईपासून तुटलेल्या मुलांविषयीचा त्यांचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले. त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात वर्षभराच्या मुलाला अनोळखी खोलीत ठेवून आई थोडा वेळ बाहेर जाते. ती गेल्यावर मूल रडते की नाही यापेक्षा ती परतल्यावर तिच्या कुशीत शांत होते की नाही, याला महत्त्व असते. काही मुले आईकडे निघतात आणि मध्येच थिजतात. जवळ जावे तर भीती, दूर राहावे तर आधार नाही, अशी ही कोंडी. मेरी मेन आणि जुडिथ सॉलोमन यांनी १९८० च्या दशकात या मुलांचा वेगळा गट मानला.

इजा नात्यात झालेली असल्याने ती भरून येते तीही नात्यातच. याचा सर्वांत ठोस पुरावा रुमानियातून आला. तेथील हुकूमशहा चाउशेस्कू यांची राजवट १९८९ मध्ये कोसळल्यावर तेथील अनाथालयांची दैना जगासमोर आली. पुढे बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून पालक-कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत, ठेवले गेले. घरात गेलेल्या मुलांमध्ये सुरक्षित भावबंध कितीतरी जास्त आढळले, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना अधिक लाभ झाला. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही: या कुटुंबांच्या पाठीशी सामाजिक कार्यकर्ते सतत उभे होते. ‘माया लावली की झाले’ हा समज म्हणूनच अपुरा ठरतो. दुखावलेले मूल माया सहज घेत नाही. ते ढकलून देते, खोटे बोलते, अन्न लपवून ठेवते. हे माणूस टिकणार की जाणार, याचीच ती चाचपणी असते. ती झेलणाऱ्याला विसावा देणारे, चार गोष्टी ऐकून घेणारे कोणी नसेल तर तोही थकतो.

पालकाने कधी चुकूच नये असे नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या अभ्यासानुसार निकोप नात्यातही बाळ आणि आई यांचा सूर बराच वेळ जुळलेला नसतो. तो पुन्हा जुळवला जातो, हे महत्त्वाचे. ओरडल्यानंतर मुलाजवळ जाऊन ‘माझे चुकले’ म्हणणे हीसुद्धा दुरुस्तीच. ठरल्या वेळी घरी येणे, झोपण्यापूर्वीचा तोच क्रम, जाताना सांगून जाणे, असल्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींतून विश्वास परततो.

आधार आईवडिलांचाच हवा असेही नाही. हवाई बेटसमूहातील काउआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात आजी-आजोबा, शिक्षक, शेजारी असे निदान एक भरवशाचे माणूस आढळले.

सावरण्याच्या नावाखाली घातक प्रकारही झाले आहेत. मुलाला बळाने दाबून धरून ‘बंध’ निर्माण करण्याच्या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २००० साली ‘पुनर्जन्म’ नावाच्या अशाच एका उपचारात १० वर्षांच्या मुलीचा गुदमरून मृत्यू झाला. पुढल्याच वर्षी तेथे त्यावर बंदी आली.

बालपणी हे सारे हुकलेल्या प्रौढांतही बदल होतो. जोडीदार, जुना मित्र किंवा समुपदेशक यांच्या दीर्घ सहवासात काहीजण आपल्या बालपणाविषयी न टाळता आणि न भडकता बोलू लागतात. अभ्यासक याला ‘कमावलेली सुरक्षितता’ म्हणतात. तिला बहुधा वर्षे लागतात, आणि मध्येच जुनी भीती परत डोके वर काढते.