हवाई तळावर यंत्रं सांभाळायचं काम: सोलापूरच्या मुलांसाठी अर्जाची माहिती

हवाई तळावर विमानांखेरीजही बरंच काही दुरुस्त करावं लागतं. इंजिन सुरू करताना बाहेरून वीज देणारी गाडी, इंधनाचे टँकर, विमान ओढणारे ट्रॅक्टर, क्रेन. हे काम हवं म्हणून वेगळा अर्ज नसतो. अग्निवीरवायू, म्हणजे हवाई दलातला चार वर्षांसाठीचा सैनिक, म्हणून भरती व्हायचं. काम कोणतं, ते हवाई दल गरजेप्रमाणे ठरवतं. ‘मला गाड्यांचंच द्या’ असं चालत नाही, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवा.

वय साडेसतरा ते २१, उमेदवार अविवाहित. तांत्रिक बाजूसाठी गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी घेऊन बारावी किंवा मेकॅनिकल, ऑटोमोबाइल, इलेक्ट्रिकलसारख्या शाखेचा तीन वर्षांचा डिप्लोमा. एकूण ५० टक्के आणि इंग्रजीतही ५०. अडतं ते इथेच. ४९.९९ म्हणजे ४९च धरतात. डिप्लोमाला इंग्रजी विषय नसेल तर दहावी-बारावीचे इंग्रजीचे गुण बघतात, तेव्हा पॉलिटेक्निकच्या मुलांनी ती गुणपत्रिकाही स्कॅन करून ठेवावी.

अर्ज ऑनलाइनच भरायचा, शुल्क ५५० रुपये अधिक जीएसटी. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची किंवा डिप्लोमाची गुणपत्रिका, सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा लागतो. वय १८च्या आत असेल तर पालकांची सहीसुद्धा. फोटो मात्र नेहमीचा पासपोर्टवाला चालत नाही. छातीसमोर काळी पाटी धरायची, तिच्यावर खडूने इंग्रजी मोठ्या अक्षरांत नाव आणि फोटो काढल्याची तारीख. स्टुडिओत जाताना पाटी-खडू घरूनच न्या. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहा, आधारवर वेगळं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

पुढे ऑनलाइन परीक्षा. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. मग कागदपत्रांची तपासणी आणि शारीरिक चाचणी (मुलांना १.६ किलोमीटर ७ मिनिटांत, मुलींना ८), शेवटी वैद्यकीय. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम घेतात.

नुसत्या आयटीआयवर हा अर्ज भरता येत नाही. विजापूर रोडच्या आयटीआयतून फिटर, वेल्डर झालेल्यांनी नाशिकजवळच्या ओझरकडे लक्ष ठेवावं. सुखोई-३० विमानांची मोठी दुरुस्ती करणारा हवाई दलाचा डेपो तिथे आहे आणि तो शिकाऊ उमेदवार घेतो. नोंदणी केंद्राच्या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर करायची. तिथे विद्यावेतन मिळतं, पण ती हवाई दलातली नोकरी नव्हे.