कर्णिकाजन्य अकाली ठोके

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे कर्णिकांत, वेळेआधीच विद्युत संदेश निर्माण झाल्याने पडणारे ठोके. डॉक्टर त्यांना थोडक्यात ‘पीएसी’ म्हणतात. नेहमीचा ताल उजव्या कर्णिकेतला सायनस नोड सांभाळतो. कर्णिकेतला दुसराच एखादा बिंदू मध्येच चेतला की ठोका लवकर पडतो. तोवर जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, पुरत्या भरलेल्या नसतात, म्हणून हा ठोका क्षीण असतो आणि मनगटाच्या नाडीला बरेचदा लागतही नाही. पाठोपाठ किंचित विराम येतो, तेवढ्यात जवनिका जास्त भरतात व पुढचा ठोका छातीत धपकन जाणवतो. ‘ठोका चुकला’ असे रुग्ण सांगतात ते बहुधा यालाच.

ईसीजीत ‘पी’ लहर, म्हणजे कर्णिका चेतल्याची खूण, लवकर येते आणि तिचा आकार वेगळा असतो. कधी ती आधीच्या ठोक्याच्या ‘टी’ लहरीत, म्हणजे जवनिका पूर्ववत होतानाच्या लहरीत, दडते. अशा वेळी तो संदेश जवनिकांपर्यंत पोचलाच नाही, तर कागदावर नुसता विराम दिसतो आणि सायनस नोड बिघडल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून विरामाआधीची ‘टी’ लहर इतर ‘टी’ लहरींशी ताडून पाहावी. दडलेल्या ‘पी’ लहरीचा बारीकसा उंचवटा तिथेच सापडतो.

चोवीस तासांच्या होल्टर तपासणीत (अंगावर बसवलेल्या छोट्या यंत्राने सलग घेतलेला ईसीजी) पन्नाशीनंतर जवळजवळ प्रत्येकात असे काही ठोके आढळतात. हृदय निरोगी असेल तर ते सहसा निरुपद्रवी असतात, आणि हे रुग्णाला नीट समजावून सांगणे हाच बहुतेकदा मुख्य उपचार ठरतो. मात्र संख्या फार असेल तर पुढे एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांची वेगवान, अनियमित थरथर) व पक्षाघाताचा धोका वाढतो. फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल आइसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की फिब्रिलेशन पेटवणारे हे ठोके बहुधा फुप्फुस-शिरांच्या (फुप्फुसांतून डाव्या कर्णिकेत रक्त आणणाऱ्या शिरांच्या) तोंडाशी उगम पावतात.

अपुरी झोप, मद्य, तंबाखू, ताप, थायरॉइडची अतिक्रिया, पोटॅशियम वा मॅग्नेशियमची कमतरता ही कारणे शोधावीत. दम्याच्या साल्ब्युटामॉल पंपानेही ठोके वाढू शकतात, पण तो स्वतःहून बंद करू नये. चहा-कॉफी सरसकट तोडायला सांगणे योग्य नाही: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रेव्ह’ चाचणीत कॉफीच्या दिवशी हे ठोके लक्षणीय वाढले नव्हते. त्रास फारच होत असेल तर मेटोप्रोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग व जोर कमी करणारे औषध, देतात. अॅब्लेशनची, म्हणजे दोषी बिंदू नळीवाटे निकामी करण्याची, वेळ क्वचितच येते.

धडधडीबरोबर भोवळ येऊन शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे असे काही झाल्यास घरी न थांबता तातडीने रुग्णालय गाठावे.