अणुकेंद्रकाचा शोध आणि प्रोटॉनचा शोध: प्रयोग दोन, वर्षं वेगळी

‘सोन्याच्या वर्खाच्या प्रयोगातून भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांनी प्रोटॉन शोधला’ असं वाक्य सर्रास वाचायला मिळतं. ते चूक आहे. मला ते जास्तच खटकतं, कारण त्यामुळे दुसरा एक देखणा प्रयोग विस्मरणात जातो.

वर्खाचा प्रयोग मँचेस्टरचा. 1909 मध्ये रदरफर्ड यांचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांनी पातळ वर्खावर अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांतून वेगाने सुटणारे सूक्ष्म कण, सोडले. बहुतेक आरपार गेले, पण हजारोंतला एखादा चक्क मागे फिरला. 1911 मध्ये रदरफर्ड यांनी एका शोधनिबंधात त्याचा अर्थ लावला: अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान आणि मोठा प्रभार मधल्या अतिसूक्ष्म जागेत एकवटलेला असला पाहिजे. हा झाला केंद्रकाचा शोध. हा प्रभार धन की ऋण, याचाही ठाम निवाडा त्या निबंधात नव्हता. मग प्रोटॉन कुठून येणार?

केंद्रक कशाचं बनलंय हे सोन्याकडून कळणं अवघडच होतं. त्याच्या केंद्रकावर 79 एकक धनप्रभार. अल्फा कणही धनप्रभारित, त्यामुळे तो केंद्रकाला भिडण्याआधीच परतवला जातो. नायट्रोजनच्या केंद्रकावर मात्र फक्त 7. तिथे तो जाऊन धडकू शकतो.

1919 मध्ये प्रसिद्ध झालेले रदरफर्ड यांचे प्रयोग याच धडकेचे. हवेतून अल्फा कण सोडले, की ते पोचूच शकणार नाहीत इतक्या अंतरावरच्या झिंक सल्फाइडच्या (कण आदळला की चमकणाऱ्या) पडद्यावरही बारीक चमका उमटत. काळोखात बसून, सूक्ष्मदर्शकातून त्या एकेक मोजायच्या. हवेऐवजी ऑक्सिजन भरला, चमका घटल्या. नायट्रोजन भरला, वाढल्या. त्या चमका हायड्रोजनच्या केंद्रकांच्या होत्या, आणि ती नायट्रोजनच्या केंद्रकातून निघत होती! म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक हा इतर केंद्रकांचाही घटक. 1920 मध्ये रदरफर्ड यांनी त्याला प्रोटॉन हे नाव दिलं.

काही जण प्रोटॉनचं श्रेय भौतिकशास्त्रज्ञ गोल्डस्टाइन यांना देतात. 1886 मध्ये त्यांना धनप्रभारित किरण दिसले हे खरं, पण ते वायूचे आयन, म्हणजे प्रभारित अणू-रेणू, होते. केंद्रकाची कल्पनाच तेव्हा नव्हती.

नायट्रोजनवर आदळलेल्या अल्फा कणाचं पुढे काय होतं, हे 1925 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांनी दाखवलं. मेघकोष्ठाची (कणांचे माग धुक्याच्या रेषांसारखे दाखवणाऱ्या उपकरणाची) सुमारे 23,000 छायाचित्रं तपासल्यावर हव्या तशा घटना सापडल्या अवघ्या 8. त्यांत धडकेनंतर अल्फा कणाचा माग कुठेच नव्हता: तो नायट्रोजनच्या केंद्रकात सामावला होता, प्रोटॉन बाहेर पडला होता आणि उरलं होतं ऑक्सिजनचं केंद्रक.