छेदात काय आहे?

घोडबंदर रोडला लागण्याआधी कापूरबावडीच्या सिग्नलला रिक्षा अडकली की समोर एक भलामोठा फलक दिसतो: 'गुडघेरोपण, १०० टक्के यश'. शेजारच्या काकू तो बघून म्हणाल्या, "काही डॉक्टरांच्या हाताला गुणच असतो." हातगुणाचं राहू द्या. टक्केवारी म्हणजे अपूर्णांक, आणि प्रत्येक अपूर्णांकाला खाली छेद असतो, हे शाळेतलं गणित. या फलकावर तो कुठेच नव्हता.

छेद चुकला की काय होतं? रुग्णालयांनी एकसारख्या पद्धतीने आकडे ठेवावेत म्हणून आयुष्यभर भांडलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ साली विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाचं एक कोष्टक छापलं. त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांचा १८६१ सालचा मृत्युदर होता ९०.८४ टक्के! म्हणजे शंभरातले नव्वद दगावले? छे. अंशात वर्षभरातले मृत्यू होते आणि छेदात फक्त एका दिवशी खाटांवर असलेले रुग्ण. ठाणे स्टेशनात वर्षभरात चोरीला गेलेल्या मोबाइलना आत्ता फलाटावर उभ्या असलेल्या माणसांनी भागावं, तसं. डॉक्टर खवळले, आणि त्यांचं खवळणं रास्त होतं.

आज आयसीयूत हाच छेद फार देखण्या पद्धतीने काढतात. सेंट्रल लाइन म्हणजे मानेजवळच्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी. तिच्यातून जंतू रक्तात शिरू शकतात. असे संसर्ग नुसते मोजून भागत नाही. म्हणून नर्स रोज ठरलेल्या वेळी वॉर्डात किती जणांना नळी आहे ते मोजते. आज ८, उद्या ११, परवा ९. या तीन दिवसांचे झाले २८ 'नळी-दिवस'. समजा, एका आयसीयूत ठरावीक काळात ६ संसर्ग झाले आणि नळी-दिवस १,५००. दुसरीकडे संसर्ग ३, पण नळी-दिवस ३००. हजार नळी-दिवसांमागे पहिलीकडे ४, दुसरीकडे १०. निम्मे संसर्ग असलेली जागा अडीचपट धोक्याची निघाली. त्यातही नळी घालून दोन दिवस उलटल्यावर रक्तात जंतू सापडले आणि ते शरीरात दुसरीकडून आलेले नसले, तरच तो संसर्ग नळीच्या खात्यावर जातो. शिवाय जो रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू शोधण्याची तपासणी, कमी पाठवतो, त्याला जंतूही कमी सापडतात. आकडा सुंदर, रुग्ण तसाच.

मृत्युदराला आणखी एक पायरी लागते. वय, मधुमेह, मूत्रपिंडाची अवस्था यांवरून प्रत्येक रुग्णाची मृत्यूची शक्यता काढतात आणि त्या शक्यतांची बेरीज म्हणजे अपेक्षित मृत्यू. अपेक्षित १५, प्रत्यक्षात १२, तर गुणोत्तर ०.८. हे नीट केलं नाही तर काय होतं, ते अमेरिकेत १९८६ साली दिसलं. सरकारने रुग्णालयांचे मृत्युदर जाहीर केले, तेव्हा सर्वांत वाईट ठरलेली संस्था अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी निघाली. आता तिथे संसर्गाचे रुग्णालयनिहाय आकडे संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. आपल्याकडे एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाची मान्यता कुणाला आहे ते कळतं. त्या मान्यतेसाठी दरमहा मोजले जाणारे आकडे मात्र बहुतेक फायलीतच राहतात.

आणि ते १०० टक्के? ५० शस्त्रक्रियांत एकही बिघडली नाही, तर संख्याशास्त्रात एक ठोकताळा आहे: ३ भागिले ५०. म्हणजे बिघडण्याचं खरं प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत असू शकतं, आणि तरीही आजवरचा हिशोब शंभर नंबरी दिसेल. १,००० केल्या असत्या, तर तीच मर्यादा ०.३ टक्क्यांवर आली असती.

शेवटी फलकावरच्या नंबरला फोन लावला आणि विचारलं, "आजवर किती शस्त्रक्रिया झाल्या?" पलीकडच्या मुलीने क्षणभर थांबून विचारलं, "सर, कॅशलेस आहे का? पॅकेज सांगू?"