वेगवान चार्जिंगचं वाटप: प्लग जुळण्याआधी आणि जुळल्यानंतर

पेट्रोल पंपावर गाडी कुठल्या कंपनीची आहे हे कुणी विचारत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या वेगवान चार्जिंगमध्ये मात्र हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आडवा आला.

मार्च 2010 मध्ये टोकियोची वीज कंपनी टेपको, निसान, मित्सुबिशी आणि इतरांनी मिळून ‘चाडेमो’ या वेगवान चार्जिंगच्या मानकासाठी संघटना स्थापन केली. वर्षअखेरीस आलेल्या निसान लीफमध्ये हेच सॉकेट होतं. पण त्यासाठी गाडीवर एसी (घरातल्या विजेच्या, हळू) चार्जिंगच्या सॉकेटशेजारी आणखी एक मोठं सॉकेट द्यावं लागे. जर्मन आणि अमेरिकन कंपन्यांनी वेगळी वाट धरली. एसी सॉकेटच्याच खाली डीसीच्या (थेट बॅटरीत जाणाऱ्या, वेगवान चार्जिंगच्या विजेच्या) दोन जाड पिना जोडून त्यांनी 2012 मध्ये ‘सीसीएस’ पुढे आणलं, आणि त्यातही अमेरिकेचा प्लग एक, युरोपचा दुसरा. चीनने स्वतःचं जीबी/टी मानक ठेवलं.

त्याच 2012 च्या सप्टेंबरमध्ये टेस्लाने कॅलिफोर्नियातली पहिली सहा ‘सुपरचार्जर’, म्हणजे स्वतःची वेगवान चार्जिंग स्टेशनं जाहीर केली. प्लग छोटा, हातात हलका, आणि एसी-डीसी दोन्हींसाठी पिना त्याच. स्टेशन मात्र फक्त टेस्लाच्या गाड्यांसाठी. त्या वेळी याला हेकटपणा म्हणणारे पुष्कळ होते. मला मुद्दा वेगळा वाटतो. बाकीच्या कंपन्यांनी गाड्या बनवल्या आणि चार्जर उभारण्याचा खर्च दुसऱ्या कुणीतरी करावा अशी अपेक्षा धरली. टेस्लाने तो स्वतः केला, म्हणून स्टेशन हेच तिच्या गाडीच्या विक्रीचं मोठं कारण ठरलं. 2014 मध्ये तिने पेटंट खुली करत असल्याचं सांगितलं, तरी मोठ्या कार कंपन्यांपैकी कुणी तो प्लग घेतला नाही.

युरोपने हा गुंता कायद्याने सोडवला. 2014 च्या निर्देशाने सार्वजनिक वेगवान डीसी चार्जरवर सीसीएसचा युरोपीय प्लग बंधनकारक केला. पुढे टेस्लाची मॉडेल 3 तिथे आली ती हेच सॉकेट घेऊन, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये नेदरलँड्समधली दहा सुपरचार्जर स्टेशनं इतर गाड्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर खुली झाली. अमेरिकेत असं बंधन नव्हतं. तिथे टेस्लाने नोव्हेंबर 2022 मध्ये आपल्या प्लगचा आराखडा जाहीर केला. मे 2023 मध्ये फोर्डने तो स्वीकारला, जूनमध्ये जनरल मोटर्सने, आणि मग एकेक करत जवळपास सगळ्यांनी. आता तो ‘जे3400’ या नावाने एसएई या अभियंता संस्थेच्या मानकांमध्ये आहे.

एवढं होऊनही प्लग बसला म्हणजे चार्जिंग सुरू झालं असं नाही. सीसीएसमध्ये केबल लावली की गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात. गाडी आपल्याला किती व्होल्ट, किती अँपिअर चालतील ते सांगते. प्लगला कुलूप लागतं. चार्जर केबलचं इन्सुलेशन तपासतो, आपला व्होल्टेज बॅटरीच्या जवळ आणतो, आणि मगच गाडीतले कॉन्टॅक्टर (मोठे विद्युत स्विच) जोडले जाऊन प्रवाह वाहू लागतो. यातली एक पायरी चुकली तरी सगळं तिथेच थांबतं. एका कंपनीची गाडी आणि दुसऱ्या कंपनीचा चार्जर असला की मानक तेच असूनही दोघांच्या सॉफ्टवेअरने त्याचा अर्थ वेगवेगळा लावलेला असू शकतो. बंदिस्त जाळ्यात दोन्ही टोकं एकाच कंपनीकडे असल्याने ही अडचण कमी येत असे. शिवाय टेस्लाचे अमेरिकेतले दुसऱ्या पिढीपर्यंतचे जुने सुपरचार्जर सीसीएसच्या पद्धतीने बोलतच नाहीत, म्हणून अॅडॅप्टर लावूनही इतर गाड्यांना ते निरुपयोगीच आहेत.

केबलची गोष्ट तर फारच साधी. टेस्लाचं सॉकेट मागे डाव्या बाजूला असतं, आणि त्या हिशेबाने तिसऱ्या पिढीच्या सुपरचार्जरची केबल आखूड ठेवलेली. ज्या गाडीचं सॉकेट पुढे डाव्या बाजूला आहे तिला शेजारच्या जागेत शिरून उभं राहावं लागतं, आणि एक गाडी दोन चार्जर अडवते. मागे रांग असेल तर भांडण ठरलेलं. यात चालकाचा काही दोष नाही, स्टेशनच एका ब्रँडसाठी आखलेलं होतं.

चौथ्या पिढीच्या सुपरचार्जरच्या खांबांना लांब केबल आली. पण असे अनेक खांब मागे असलेल्या तिसऱ्या पिढीच्याच वीज कॅबिनेटला (खांबांना वीज पुरवणाऱ्या पेटीला) जोडलेले आहेत, आणि त्यांचा व्होल्टेज साधारण 500 पर्यंतच जातो. ह्युंदाई आयोनिक 5, किया ईव्ही6 यांसारख्या सुमारे 800 व्होल्टच्या बॅटरीच्या गाड्यांना तो आपल्या आत वाढवून घ्यावा लागतो. त्यामुळे केबल पोहोचली तरी या गाड्या तिथे आपल्या पूर्ण वेगाने चार्ज होत नाहीत.