तोरणाखालची झडती आणि मुलांची कविता

पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, की विदर्भातल्या गावात कुणीतरी झडती सुरू करतं. यमक जुळवलेल्या चार ओळी, आणि मग सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!’ दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल ओढत आलेली लेकरंही तेच ओरडतात. त्यातल्या कित्येकांनी अजून पाटीवर ‘क’ गिरवलेला नसतो. तरी ओळ कुठे थांबते आणि यमक कुठे पडतं, हे त्यांच्या कानाला पक्कं ठाऊक असतं. घरी मुलांना कविता लिहायला शिकवायची असेल, तर ती ह्या कानापासून शिकवावी. वही-पेनाचं काम बरंच पुढचं आहे.

कान किती लवकर तयार होतो, ते अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या डीकॅस्पर आणि स्पेन्स यांच्या प्रयोगातून दिसलं. गरोदर बायकांनी शेवटचे सुमारे दीड महिने एकच उतारा रोज मोठ्याने वाचला. जन्मानंतर बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि चोखण्याची लय बदलली की कोणता उतारा ऐकू येईल ते बदलेल, अशी सोय केली. बाळांनी आपली लय अशी बदलली, की पोटात असताना ऐकलेलाच उतारा पुन्हा ऐकू यावा. त्यातला एक शब्दही त्यांना कळणं शक्य नव्हतं. ओळखीची होती ती बोलण्याची चाल.

त्याहून महत्त्वाचा मला १९८३ सालचा एक अभ्यास वाटतो. इंग्लंडमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांना काही शब्द ऐकवून त्यातला वेगळ्या आवाजाचा शब्द ओळखायला सांगितला आणि पुढे काही वर्षं त्यांच्या वाचनावर लक्ष ठेवलं. ज्यांना यमक लवकर पकडता येत होतं, ती मुलं पुढे वाचन-लेखनातही सरस ठरली. मग त्यांनी ह्यातल्या ६५ मुलांचे चार गट पाडले आणि त्यातल्या तीन गटांबरोबर दोन वर्षं चित्रांचे खेळ घेतले. एका गटाने चित्रं अर्थावरून लावली: ही शेतातली जनावरं, ही घरातली वस्तू. दोन गटांनी तीच चित्रं आवाजावरून लावली, आणि त्यातल्या एका गटाला त्या आवाजांची प्लॅस्टिकची अक्षरंही हाताळायला दिली. आवाज आणि अक्षर दोन्ही मिळालेली मुलं अर्थावरून चित्रं लावणाऱ्यांच्या स्पष्टपणे पुढे गेली.

हा खेळ ओसरीवर बसून सहज होतो. ‘बैल, सैल, मैल, गाय’ म्हणा आणि वेगळा शब्द कोणता ते विचारा. लहान मूल बैल आणि गाय एकत्र ठेवू पाहील, कारण गोठ्यात ती एकत्रच असतात. त्याला चूक म्हणू नका, शब्द फक्त पुन्हा म्हणून दाखवा. ज्या क्षणी मूल जनावराचा विचार बाजूला ठेवून नुसता ‘ऐल’ ऐकेल, त्या क्षणी शब्द हे तोडता-जोडता येणारं सामान आहे हे त्याला उमगलेलं असेल. वाचन तिथूनच सुरू होतं आणि कविताही. मग अंगणात खडूने ‘बैल’ लिहावं, ‘बै’ पुसून ‘मै’ करू द्यावं. चिंचोके मांडून अक्षरं केली तर आणखी बरं, हातही त्यात गुंततात.

आता झडतीकडे येऊ. मोठ्यांनी ओळ म्हणावी आणि शेवटचा शब्द मुलावर सोडावा. स्लॅमेका आणि ग्राफ यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की आयता वाचलेल्या शब्दापेक्षा स्वतः शोधून काढलेला शब्द जास्त लक्षात राहतो. त्यांच्या प्रयोगात यमकावरून शब्द शोधणंही होतं. म्हणून मूल अडलं तरी शब्द पुरवायची घाई नको. थांबावं, ओळ पुन्हा म्हणावी.

यमक जमू लागलं की बोटांवर अक्षरं मोजायला शिकवावं. देवनागरीत हे फार सोपं जातं, जोडाक्षरालाही एकच बोट. समजा, मुलाला कपाशीवर सुचलं:

पऱ्हाटीले आलं फूल,
वावराले पडे भूल.

दोन्ही ओळी आठ-आठ अक्षरांच्या. ओळ लांबली तर मुलाला कोणता तरी शब्द काढावा लागतो, आणि शब्द निवडणं म्हणजे काय ते तिथे कळतं. बंधनाने कल्पना आखडते असं पालकांना वाटतं, पण बहुतेक वेळा उलट घडतं. २०१७ साली कॅट्रिनेल हॉट-ट्रॉम्प यांनी लोकांकडून दोन ओळींची शुभेच्छा-कविता लिहून घेतली. ठरावीक शब्द घालायची अट असताना लिहिलेल्या ओळी जास्त कल्पक ठरल्या. म्हणून ‘पावसावर कविता लिही’ म्हणण्यापेक्षा ‘विळा, आजी आणि चिखल हे तीन शब्द आलेच पाहिजेत’ असं सांगून पाहा.

वर्णन करायला शिकवायचं तर मुलींच्या भुलाबाईच्या गाण्या-खेळासारखा गुरू नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गाणी झाली की झाकलेला खाऊ ओळखायचा असतो: गोड की आंबट, कुरकुरीत की मऊ? तेच बोंडावर, मोहाच्या फुलावर, तुरीच्या शेंगेवर करावं. नाव न घेता वस्तू ओळखू आली पाहिजे. ‘सुंदर’, ‘छान’ असले शब्द इथे कामाला येत नाहीत, मुलाला वास आणि स्पर्श शोधावाच लागतो.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाने स्वतः लिहावं असा आग्रह धरू नये. अक्षर काढण्यातच त्याचं लक्ष संपतं, सुचलेली ओळ हातातून निसटते. त्याने सांगावं, मोठ्यांनी लिहून घ्यावं. घरात लिहिणारं कुणी नसेल तर मोबाइलवर आवाज टिपावा, शाळेतली ताई नंतर उतरवून देईल. लिहिता न येणाऱ्या आजीला ह्या कामातून वगळू नका. ओव्यांची लय घरात सर्वांत जास्त तिच्याकडे असते.

आणि लिहून घेताना मुलाची भाषा बदलू नये. ‘पऱ्हाटीले’चं ‘कपाशीला’ केलंत तर यमक तसंच राहील, अक्षरंही आठच भरतील, पण मूल पुढच्या वेळी तुमच्या तोंडाकडे बघून ओळ रचेल. मेळघाटातल्या पोराच्या ओळीत कोरकू शब्द येईल, गडचिरोलीत गोंडी येईल, तोही जसाच्या तसा उतरवावा. शाळेच्या वहीत कसं लिहायचं ते शाळा शिकवेलच. ओळ झाली की ती घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने म्हणून दाखवायला सांगा. जीभ जिथे अडेल तिथे शब्द बदलायचा की नाही, ते मुलालाच ठरवू द्या.