पार्श्वभूमी : साथीचा कायदा, लस आणि पुणेकरांचा विश्वास

१३ मार्च २०२० रोजी राज्य सरकारने पुण्यासह काही शहरांत साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. तेव्हा त्या कायद्याला १२३ वर्षं झाली होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला हा कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा. साथ रोखण्यासाठी सरकारने गरजेनुसार नियम करावेत, न पाळणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येऊ नये, एवढाच त्याचा गाभा. लोकांना काय सांगायचं आणि ते कोणी सांगायचं, याबद्दल त्यात अक्षरही नाही. पुण्याने या त्रुटीची किंमत एकदा नव्हे, अनेकदा मोजली आहे.

पहिली खेप प्लेगची. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग उघड झाला आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. बंदोबस्तासाठी वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चच्या मध्यापासून गोरे सोजीर पेठांमधल्या वाड्यांत शिरू लागले. घरं तपासायची, संशयिताला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत न्यायचं, सामान बाहेर काढून जाळायचं, असा खाक्या होता. देवघर, माजघर, सोवळंओवळं काही पाहिलं जात नव्हतं. बायकांची तपासणी चारचौघांत होते, ही तक्रार घरोघरी होती. वैद्यकाच्या दृष्टीने रुग्ण वेगळा ठेवण्यात चूक नव्हती. पण बंदुकवाला शिपाई दारात उभा राहिला की लोक रुग्ण लपवतात आणि रुग्ण लपला की साथ पसरते. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

२२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मेजवानी झाली ती सरकारी वाड्यात, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत. पुढचा भाग, चापेकर बंधूंचा आणि टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्याचा, शाळेत सगळ्यांनी वाचलेला आहे. त्या मानाने त्याच उन्हाळ्यातलं गोपाळ कृष्ण गोखल्यांचं प्रकरण कमी सांगितलं जातं. गोखले तेव्हा एका आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला तेव्हा पुढे यायला कोणी तयार नव्हतं. गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली आणि गावातले लोक त्यांच्यावरच नाराज झाले. त्या आरोपातलं खरं किती, हे शोधणारी आणि दोन्ही बाजूंनी मानलेली यंत्रणाच नव्हती. माझ्या मते साथीच्या काळातल्या अफवेचा हा पुण्यातला सर्वांत बोलका धडा आहे.

त्याच वर्षी शहराबाहेर दुसऱ्याच तऱ्हेने काम चाललं होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी तिथे आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. म्हणजे घरोघरची झडती सुरू व्हायच्या थोडं आधी. औषध दोघांकडेही नव्हतं, सरकारकडेही आणि मळ्यातल्या दवाखान्याकडेही. पण रुग्णाला दवाखान्यात नेणारं माणूस कोण, यावर घरच्यांनी दार उघडायचं की नाही हे ठरत होतं.

प्लेगची लस मात्र तोवर तयार झाली होती. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ती बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष प्रयोगशाळेचा की गावात बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीचा, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. लसीच्या विरोधात एक प्रकरण उभं राहायला दिवस पुरतो, ते मिटायला पाच वर्षं लागली.

स्वातंत्र्यानंतर पुण्याची बाजू बदलली. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने इथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, पुणेकरांच्या तोंडी ‘एनआयव्ही’. १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. घराण्याचा धंदा शर्यतीच्या घोड्यांचा, आणि धनुर्वातावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनायचं. सुरुवात अशी तबेल्यातून झाली. ससाणे मळ्याच्या त्याच हडपसर भागातून पुढे जगभरच्या मुलांना लसी जाऊ लागल्या.

पण लस आपल्या गावात बनते म्हणून ती आपल्याला वेळेवर मिळते, असं नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, एका शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, मास्क चढ्या भावाने विकले गेले. सीरमची नाकात फवारायची लस बाजारात आली २०१० च्या जुलैमध्ये. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचं जाहीरही केलं.

कोविडमध्ये वेग कमालीचा होता. १२ जानेवारी २०२१ ला पहाटे मांजरीतल्या सीरममधून पूजा करून कोविशील्ड लसीचे तीन ट्रक विमानतळाकडे निघाले. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं तेव्हा केंद्रांवर गर्दी नव्हती. आरोग्य कर्मचारीसुद्धा कचरत होते. कारण समजण्यासारखं होतं. कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती येण्याआधीच परवानगी मिळाली होती. कोविशील्डच्या चाचणीतल्या चेन्नईच्या एका स्वयंसेवकाने भरपाई मागितली, तर सीरमने उलट १०० कोटींहून अधिक रकमेच्या दाव्याचा इशारा दिला. त्रासाचा लसीशी संबंध नाही, हे कंपनीचं म्हणणं. ते बरोबर असेलही, पण प्रश्न विचारणाऱ्याला नोटिशीची भाषा ऐकवल्यावर बाकीचे काय समजायचं ते समजले. मग दुसरी लाट आली आणि एप्रिल-मेमध्ये तेच पुणेकर पहाटेपासून टोकनसाठी उभे राहिले. ‘आज लस उपलब्ध नाही’ असा हाताने लिहिलेला कागद दवाखान्याच्या फाटकावर दिसला की नगरसेवकाला फोन जायचे. ऑनलाइन स्लॉट डोळ्यांदेखत भरून जायचे. कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, मे महिन्यात बारा ते सोळा झालं. अंतर वाढवायला शास्त्रीय आधार होता. पण निर्णय ऐन टंचाईत आल्याने ‘लस नाही म्हणून वाढवलं’ हेच लोकांनी धरलं, आणि ते खोडून काढायला वॉर्डात कोणी फिरकलं नाही.

सर्वांत नुकसान केलं ते रक्ताच्या गुठळ्यांच्या गोष्टीने. १७ मे २०२१ रोजी केंद्र सरकारच्या समितीने स्वतःच सांगितलं होतं, की लसीनंतरच्या ४९८ गंभीर घटना तपासल्या, त्यांत कोविशील्डनंतर गुठळ्या झाल्याचे २६ संशयित रुग्ण आढळले, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१. डोसनंतर वीस दिवस कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवायचं, तेही सांगितलं होतं. माहिती खरी होती, जाहीर होती, आणि दिल्लीच्या प्रसिद्धिपत्रकात राहिली. २०२४ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयातली, कोविशील्डची मूळ लस बनवणाऱ्या अॅस्ट्राझेनेकाची गुठळ्यांबद्दलची कबुली बातम्यांत आली तेव्हा लोकांना वाटलं, आपल्यापासून हे तीन वर्षं लपवलं. चाळिशीतल्या कुणाला हृदयविकाराचा झटका आला की ‘लसीमुळेच’ असं आजही सहज म्हटलं जातं. झटका आणि ही दुर्मीळ गुठळी वेगळी, हे सांगायला आपला नेहमीचा डॉक्टरच लागतो.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. त्याच निकालात लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवण्याचेही आदेश होते. त्या दुसऱ्या भागाची चर्चा फारशी झाली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने १८९७ चा कायदा अपुरा असल्याचं सांगितलं आणि सप्टेंबरमध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने पुढच्या साथीत पहिल्या १०० दिवसांत काय करायचं याचा आराखडा मांडून नव्या कायद्याची शिफारस केली.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात जीबीएसचे, म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालून हातपाय लुळे करणाऱ्या आजाराचे, रुग्ण वाढले. नमुने एनआयव्हीत तपासले गेले आणि काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून किंवा कच्च्या कोंबडीतून पोटात जाणारा जिवाणू सापडला. या आजारावर लस नव्हतीच. नुकत्याच महापालिकेत आलेल्या या गावांमधल्या लोकांचा प्रश्न साधा होता : नळाचं पाणी प्यायचं की नाही? देशातली अव्वल विषाणू प्रयोगशाळा शहरातच असूनही त्यांना पहिलं उत्तर मिळालं ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कोंबडी खाऊ नका असं सांगणाऱ्या संदेशांतून.